कॅरमचा बोर्ड आणि पोटापाण्याचा प्रश्न



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सगळे विषय येऊन जातात, कॅरम मात्र येत नाही. रायगडच्या माणसासमोर खेळावर बोलायचे तर कबड्डीवर बोलावे, असा संकेत आहे. तो योग्यच आहे, कारण या किनाऱ्यावर कबड्डीचा संघ नाही असे गाव शोधावेच लागेल. पण कबड्डीला मान आहे, कॅरमला तो नाही. कबड्डी खेळणारा पोरगा अंग कमावतो आणि कॅरम खेळणारा वेळ घालवतो, अशी आपली ठाम समजूत आहे. आज मला बोलायचे आहे ते त्या समजुतीविषयी.

आपल्याकडे कॅरमचा खरा हंगाम पावसाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि बाहेर कोसळणारा पाऊस. अशा दुपारी रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत कुठल्याही मंडळाच्या खोलीत डोकावा, बोर्डाभोवती चार खेळणारे आणि चौदा सल्ला देणारे दिसतील. पण हाच पावसाळा बोर्डाचा वैरीही आहे. खाऱ्या दमट हवेत लाकूड फुगते, पावडरच्या गुठळ्या होतात, आणि काल सरसर धावणारा स्ट्रायकर आज मध्येच अडतो. म्हणून बोर्डावर टांगलेला दिवा केवळ उजेडासाठी नसतो. त्याच्या उबेने बोर्ड कोरडा राहतो. जुने खेळाडू खेळण्याआधी अर्धा तास दिवा लावून ठेवतात ते उगाच नव्हे.

घरचा कॅरम आणि स्पर्धेचा कॅरम यांत मात्र फार अंतर आहे. स्पर्धेचा बोर्ड आतून ७४ सेंटीमीटर चौरस. सोंगटीचे वजन साडेपाच ग्रॅमपर्यंत, स्ट्रायकरचे १५ ग्रॅमपर्यंत. २५ गुण किंवा आठ बोर्ड झाले की एक गेम संपतो. खुर्ची सरकवायची नाही, कोपर ठरलेल्या मर्यादेबाहेर न्यायचे नाही, फटक्याला पंधरा सेकंद. "जरा थांब रे, हात जुळू दे" म्हणण्याची तेथे सोय नाही.

तो पाहायचा कसा, हेही शिकावे लागते. नवखा प्रेक्षक भोकात पडणाऱ्या सोंगटीकडे पाहतो. जाणकार पाहतो ते मागे काय उरले त्याकडे. उत्तम खेळाडू एक सोंगटी घेता घेता दुसरी मोकळी करतो, आणि घेणे शक्य नसेल तर समोरच्याची वाट अडवून ठेवतो. राणीचेच पाहा. तिचे तीन गुण, पण ते मिळतात बोर्ड जिंकणाऱ्यालाच. मग हरत चाललेला खेळाडू तिच्यामागे का धावतो? तिला कव्हर देऊन ती आपल्याकडे ठेवली तर बोर्ड गेला तरी ते तीन गुण प्रतिपक्षाला मिळत नाहीत, म्हणून. ज्याचे २२ गुण झाले त्याला राणीचे गुण मिळणेच बंद होते, आणि तेथून डावाचा सगळा हिशोब बदलतो. हे ध्यानात आले की ज्या फटक्यावर कोणी टाळी वाजवत नाही तोच कधी कधी डावातला सर्वांत मोठा फटका असतो, हे दिसू लागते.

आता थोडे परमुलखात जाऊ. इंग्लंडात डार्ट्स नावाचा खेळ आहे. भिंतीवर गोल फळी, २३७ सेंटीमीटरवर उभे राहायचे आणि हाताने लहान बाण फेकायचे. ५०१ पासून गुण वजा करीत नेमके शून्यावर यायचे, आणि शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या घरातच बसला पाहिजे. फळीची रचना मोठी खट्याळ आहे. वीस गुणांच्या घराच्या एका बाजूला एकाचे घर, दुसऱ्या बाजूला पाचाचे! बोटभर चुकले की हाव अंगाशी आली. हा खेळ वाढला दारूच्या गुत्त्यांत, आणि त्याच्यावरही तोच आरोप होता जो आपल्या मंडळाच्या खोलीवर होतो : हा नशिबाचा खेळ, म्हणजे जुगार. १९०८ साली लीड्सच्या न्यायालयात एका खेळाडूने प्रत्यक्ष फळीवर बाण मारून हे कौशल्य असल्याचे सिद्ध केले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. गोष्टीत मीठमिरची असेलही, पण ती सांगावीशी वाटली यातच सर्व आले.

त्या गुत्त्यातल्या खेळाची १९७८ साली जागतिक स्पर्धा सुरू झाली, दूरचित्रवाणीने तो घरोघर नेला, आणि आज त्याला पायऱ्यांचा जिना आहे. गल्लीतला संघ, परगण्याचा संघ, मग पात्रता स्पर्धा. व्यावसायिक मंडळात १२८ जागा. जागा मिळाली की दोन वर्षांची मुदत, आणि तेवढ्यात क्रमांक टिकवला नाही तर पुन्हा खाली. जानेवारी २०२५ मध्ये ल्यूक लिटलर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला आणि पाच लाख पौंड घेऊन घरी गेला. आपला नितीन कुमारही त्या जागतिक स्पर्धेत खेळून आला आहे.

आणि आमचा कॅरम? अखिल भारतीय संघटना १९५६ ची, आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ साली मद्रासेत निघाली. तेथल्याच मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याचे योगेश परदेशी जगज्जेते झाले. मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ साली बर्मिंगहॅमला जगज्जेते झाले, आणि २०१८ साली दक्षिण कोरियातला विश्वचषकही त्यांनीच आणला. म्हणजे गुणवत्तेत आपण जगाच्या पुढे आहोत, पण आपल्या जिन्याची वरची पायरी कचेरीतल्या टेबलाशी संपते. चांगल्या खेळाडूला रिझर्व्ह बँकेसारखी संस्था किंवा जळगावच्या जैन इरिगेशनसारखी कंपनी नोकरी देते, पगार देते, खेळायला रजा देते. हीच आमची व्यावसायिकता. मी तिला नावे ठेवणार नाही. लिटलरच्या मागे राहिलेल्या हजारोंची पोटे बाणांवर भरत नाहीत, आणि आमच्या खेळाडूला निदान महिन्याची एक तारीख तरी ठाऊक असते. मात्र नोकरीसाठी शिक्षण लागते. म्हणून वडीलमंडळींना सांगतो, मुलाचा बोर्ड फोडू नका, आणि मुलांना सांगतो, परीक्षा बुडवू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. मोठ्या स्पर्धा मुंबईत. अलिबागचा मुलगा मांडव्याहून लाँचने जातो. सामना रात्री लांबला की शेवटची लाँच गेलेली, आणि पावसाळ्यात तर लाँचच बंद. मुंबईकर खेळाडूला हा शीण नाही. समुद्र काही मी हटवू शकत नाही. पण आमच्या गावोगावच्या गणेशोत्सवी स्पर्धांत जे चालते ते तर आपल्या हातचे आहे. नियम मंडळागणिक वेगळे, पंच म्हणजे शेजारचा मोकळा माणूस, बोर्ड फुगलेला. अशा बोर्डावर दहा वर्षे जिंकलेला मुलगा निवड चाचणीला बसला की पहिल्या तासातच बिचकतो. त्याचा दोष काय?

आणि मुली? बिहारच्या रश्मी कुमारी अनेकदा जगज्जेत्या झाल्या, पण आमच्या मंडळाच्या खोलीत मुलगी पाऊल टाकू शकत नाही, हे आपण सारे जाणतो. म्हणून बोर्ड खोलीतून शाळेत आणि ग्रंथालयात यायला हवा. दोन प्रमाणित बोर्ड, छापील नियमांची एक प्रत भिंतीवर, आणि पंचाची परीक्षा दिलेले दोघे शिक्षक. उत्सवातल्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्याहून हा खर्च फार नसावा. कार्यवाह समोरच बसले आहेत, त्यांनी संध्याकाळचे दोन तास सभागृहाचा कोपरा दिला तर बोर्ड मिळवण्याचे काम मी पत्करतो. वर दिवा मात्र पहिल्या दिवसापासून लावावा लागेल, पाऊस महिन्याभरावर आला आहे.