तपासाची गोष्ट आणि टपरीवरची ज्यूरी

(श्रीगोंदा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीगोंद्याच्या एस. टी. स्थानकाबाहेर सायंकाळी चहाच्या टपरीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर तेथील गप्पांत अलीकडे एका नव्या विषयाची भर पडलेली आढळते. उसाची पहिली उचल, कुकडीचे आवर्तन, बाजार समितीचे राजकारण हे जुने विषय आहेतच. त्यांच्या जोडीला आता आदल्या रात्री मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या खऱ्या खुनाच्या तपासाची चर्चा चालते. एक जण सांगतो की, नवऱ्यावर त्याचा संशय पहिल्यापासून होता. दुसरा घटनास्थळाच्या पंचनाम्यातील चूक दाखवतो. तिसरा, आणि बहुतेक वेळा सर्वांत ठामपणे, म्हणतो की, पोलिसांनी पहिल्याच दिवशी चौदावे रत्न दाखवले असते तर एवढे सहा भाग लागलेच नसते.

पुरोगामी कार्यकर्ते ही चर्चा ऐकतात आणि करमणूक म्हणून झटकून टाकतात. हे बरोबर नाही. एरवी कायद्याच्या वाटेला न जाणारा माणूस येथे पुरावा, साक्ष, संशय, शिक्षा ह्या गोष्टींवर तास तास बोलतो. मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले, तो कौल वरच्या न्यायालयाने मानला नाही, आणि पुढे ती पद्धतच देशातून गेली. टपरीवर ती ज्यूरी पुन्हा भरू लागली आहे असे म्हणता येईल. फरक इतकाच की, ह्या ज्यूरीपुढे उलटतपासणी होत नाही, आणि जो पक्ष गोष्ट सांगतो तो बहुधा तपास करणाऱ्यांचाच असतो.

अशा सगळ्याच मालिका पोलिसांची आरती करतात असे नाही. नागपूरच्या कस्तुरबानगरातील वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला १३ ऑगस्ट २००४ रोजी भर न्यायालयात जमावाने ठार मारले. पुढे येऊन त्याची जबाबदारी घेतली ती वस्तीतल्या स्त्रियांनी. ह्या घटनेवरील मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. त्या स्त्रियांनी आधी पोलिसांचे दार किती वेळा ठोठावले आणि ते कसे बंद राहिले, हे तीत आहे. खटल्यातील आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी सुटले. ती मालिका पाहून ज्या प्रेक्षकांनी ‘पोलीस कोठे होते?’ असा प्रश्न विचारला, त्यांनी कोणत्याही राजकीय अभ्यासवर्गाशिवाय राज्यसंस्थेविषयीचा मूलभूत प्रश्न विचारला होता. त्याचे श्रेय मालिकेला दिलेच पाहिजे.

परंतु अशी मालिका अपवाद असते. बहुतेक तपासकथांचा पाया निराळा असतो, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो चटकन ओळखता यावा. नमुना निवडतानाच जर यशस्वी उदाहरणे वेचली, तर त्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. ज्या गुन्ह्यांचा उलगडा झाला असे मानले जाते त्यांच्याच मालिका निघतात. न उलगडलेल्या, चुकीच्या उलगडलेल्या आणि कोणी उलगडायला घेतल्याच नाहीत अशा गुन्ह्यांची संख्या त्या हिशेबात येत नाही. शेवट माहीत असल्यामुळे मधली प्रत्येक पायरी शहाणपणाची दिसते. अधिकाऱ्याचा अंदाज खरा ठरला की ती ‘अंतर्दृष्टी’ होते. तोच अंदाज दुसऱ्या ठिकाणी एखाद्या निरपराध्याच्या आयुष्याची वीस वर्षे खातो, आणि तेथे कॅमेरा पोचत नाही.

मानवत खून खटल्याचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ ह्या काळात एकामागून एक खून झाले. बळींमध्ये लहान मुली होत्या. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती ह्यांसाठी दिलेले बळी अशी त्यांची कथा पुढे आली. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. त्यांच्या आठवणींवर आधारलेली मराठी मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाली. ती माहितीपट नाही, नाट्यरूप आहे, तरी खऱ्या प्रकरणावरील म्हणूनच तिच्याबद्दल बोलले गेले. कुलकर्णी कर्तबगार अधिकारी होते ह्यात शंका नाही. पण गावोगावच्या चर्चेत सहसा न येणारा भाग न्यायालयाच्या निकालात आहे. ज्या दोघांना कटाचे सूत्रधार म्हणून उभे करण्यात आले होते, ती दोघेही वरच्या न्यायालयांत सुटली. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल १९७७ रोजी दिलेल्या निकालात माफीच्या साक्षीदारावर किती विसंबावे ह्याची चर्चा केली आणि गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहात पोलिसांना बळाचा वापर करण्याचा मोह होतो, तो वेळीच खुडला पाहिजे, असेही बजावले. आणीबाणी नुकतीच उठली होती. तो इशारा त्या वेळच्या वाचकाला अधिक टोचला असेल. मात्र आरोपींत पारधी समाजाची माणसे होती एवढीच गोष्ट आज पुष्कळांच्या लक्षात राहते, आणि ह्या तालुक्यात ती कशी लक्षात ठेवली जाते हे येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

आता नाशिकच्या एका खटल्याकडे वळू. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेतील झोपडीत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका निर्घृण होता की, ऐकणाऱ्याचे रक्त तापावे. भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उरलेल्या तिघांनाही फाशीच दिली. येथे क्षणभर थांबावे. २०१० साली कोणी ह्या प्रकरणावर मालिका काढली असती, तर ती किती परिपूर्ण झाली असती! भीषण गुन्हा, जखमी अवस्थेत वाचलेले साक्षीदार, चिकाटीचा तपास, तीन न्यायालयांचे शिक्कामोर्तब. टपरीवरच्या ज्यूरीने एकमताने मान डोलावली असती, आणि तिला दोष तरी कसा देता आला असता?

पण गोष्ट २००९ साली संपली नाही. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे पुढे निष्पन्न झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला पूर्वीचा निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेनंतर दोनच दिवसांनी, प्रत्यक्षदर्शी जखमी स्त्रीने पोलिसांच्या गुन्हेगार-छायाचित्रांच्या संग्रहातून चार माणसे ओळखून दाखवली होती, आणि ती चार माणसे ह्या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपास झालाच नाही. हे सहा जण भटक्या जमातीचे, समाजाच्या तळच्या थरातील, अत्यंत गरीब मजूर आहेत ह्याची न्यायालयाने नोंद घेतली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खात्यामार्फत कारवाई करण्याचा आदेश दिला. जवळजवळ सोळा वर्षे ही माणसे तुरुंगात होती आणि त्यांतील दहाएक वर्षे फाशीच्या छायेत. पाच लाखांना सोळाने भागले तर वर्षाला एकतीस हजारांच्या आसपास रक्कम येते. रोजगार हमीच्या कामावरचा मजूरही आपल्या वर्षाचा भाव असा लावून घेणार नाही.

आणि झोपडीतल्या त्या कुटुंबाचे काय? चुकीच्या माणसांना पकडणे म्हणजे खऱ्यांना मोकळे सोडणे, ही साधी वजाबाकी पोलिसांना ‘खुली सूट’ मागणाऱ्या प्रेक्षकाला कोणी समजावून देत नाही. कडक तपास हवा असणाऱ्यानेच खोट्या तपासाचा सर्वांत जास्त राग धरायला हवा.

चौदाव्या रत्नाकडे आता येता येईल. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हा नियम काही मानवतावाद्यांनी केलेला नाही. १८७२ चा पुरावा कायदा ब्रिटिश सरकारचा, आणि त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्या कठोर गृहस्थाचा. ह्याच स्टीफनने पुढे एका अनुभवी अधिकाऱ्याचे निरीक्षण नोंदवून ठेवले. त्याचा आशय असा की, उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाला छळणे सोपे असते. दीडशे वर्षांनंतरही ह्याहून नेमके आर्थिक विश्लेषण मिळणे कठीण. मारहाण ही तपासाची सर्वांत स्वस्त पद्धत आहे, कारण तिचा खर्च खात्याच्या अंदाजपत्रकात दाखवावा लागत नाही, दुसऱ्याच्या पाठीवर पडतो. प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे, वाहने ह्यांना पैसा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनी सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे आणि झडतीचे चित्रीकरण व्हावे असे म्हटले आहे. राज्याला हे टप्प्याटप्प्याने करण्याची मुभा आहे. जुना कबुलीजबाबाचा नियम नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात, चौकशीच्या खोलीसह, कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. मालिकेच्या कॅमेऱ्यावर तासभर बोलणाऱ्या श्रीगोंद्याच्या किंवा बेलवंडीच्या प्रेक्षकाने आपल्या ठाण्यातील कॅमेरा चालू आहे काय, त्याचे चित्रण किती दिवस जपले जाते, हा प्रश्न लेखी विचारला, तर ती चर्चा टपरीवरून एक पाऊल पुढे जाईल.

ह्या तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. काष्टीच्या बाजारात जनावर हरवले किंवा एखाद्या वस्तीवर घरफोडी झाली, की संशयाची पहिली बोटे कोणत्या पालाकडे वळतात हे सर्वांना ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची रीत घातली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि ठाण्याच्या सवयी तशाच राहिल्या. जून १९९८ मध्ये शेजारच्या बारामतीत एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा त्याच्यासाठी उभे राहिले ते बाहेरून आलेले मूठभर लोक. श्रीगोंद्यातून किती जण गेले होते, हा प्रश्न चळवळीतील ज्येष्ठांनी आपापसात विचारायला हरकत नाही.

ह्याच जिल्ह्यातील दुसरी बाजूही आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले. तेथे तपास पालावरच्या माणसाविरुद्ध नव्हता, गावातील वजनदारांविरुद्ध होता. म्हणजे तोच कायदा, तोच जिल्हा, परंतु साक्ष एका ठिकाणी नको तितकी घट्ट होते आणि दुसऱ्या ठिकाणी वितळून जाते. कोणाविरुद्ध साक्ष द्यायची ह्यावर ते ठरते. साक्षीदार ज्याच्या विहिरीवर पाणी भरतो, ज्याच्या शेतात मजुरीला जातो, त्याच्याविरुद्ध तो न्यायालयात उभा राहील ही अपेक्षा शहरी पटकथाकाराची असू शकते, ग्रामीण अर्थव्यवस्था जाणणाऱ्याची नव्हे.

विसापूरचे नाव तालुक्यात अभिमानाने घेतले जाते, कारण कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रही तेथील तुरुंगात होते. त्याच विसापूरच्या भिक्षेकरी गृहात एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत पकडलेल्या माणसांना पाठवण्यात आले, आणि त्यांपैकी चौघांचा काही दिवसांतच अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात मृत्यू झाला. नातेवाइकांनी हेळसांडीचे आरोप केले. चार दिवस वर्तमानपत्रांत मथळे आले. त्या चौघांचा गुन्हा, झालाच असेल तर, भीक मागण्याचा होता. ती माणसे कोणाच्या ताब्यात होती, त्यांना कोणी तपासले, केव्हा हलवले, पाणी केव्हा दिले, ह्यांची तासवार नोंद मागणे हाही तपासच आहे. त्यासाठी नोंदवह्या आहेत, माहितीचा अधिकार आहे, आणि ठिकाण येथून एका तासाच्या आत गाठता येते.

तालुक्यातील जे तरुण रात्री जागून सहा सहा भाग पाहतात, त्यांना पंचनामा म्हणजे काय, पंच कोण असावा, ओळखपरेड केव्हा घ्यायची असते हे आता ठाऊक झालेले आहे. कार्यकर्त्यांनी त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी ५ मार्च २०१९ चा निकाल मराठीत करून टपरीवर त्यांच्या हाती द्यावा. छायाचित्रांच्या संग्रहाचा परिच्छेद प्रथम वाचायला सांगावा, आणि ती चार माणसे आज कोठे असतील ह्यावर त्यांना हवे तितके बोलू द्यावे.