आमच्या घरातला रशिया

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यातून बोलण्याची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. आमच्या घरात रशियावरून जी भांडणे होत ती आज सांगणार आहे. हसू नका हो! आपल्या जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांच्याबरोबरच रशिया आपल्या ओट्यावर आला.

माझे आजेसासरे घोडेगावकडचे. सोळाव्या वर्षी लालबागला जाऊन साचेखात्यात लागले. एका खोलीत पंधरा-वीस माणसे, पाळीपाळीने निजायची. रशियात १९१७ साली कामकऱ्यांचे राज्य आले हे त्यांनी युनियनच्या सभेत ऐकले. अण्णा भाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा ऐकला. १९५५ साली बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह मुंबईस आले, तेव्हा खाडा करून रस्त्यावर उभे राहिले. १९६१ साली अण्णा भाऊ स्वतः रशिया पाहून आले, तर यांना आपणच जाऊन आल्यासारखे वाटले. मालक नसलेली गिरणी जगात कुठेतरी आहे, एवढे त्यांना पुरे होते.

माझे आजोबा ओतूरचे, दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ. १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन झाला आणि पुढे तीन एकरांवर त्यांचे नाव लागले. दोनच वर्षांनी नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. कोणी सांगितले, रशियात असेच बांध मोडले. आजोबांच्या पोटात गोळा आला. "काल नाव लागलं, अन् आज बांध मोडू?" हे त्यांचे पालुपद शेवटपर्यंत.

माझे लग्न १९९९ साली झाले. सोव्हिएत संघ १९९१ सालीच मोडला होता, पण दोघांचे भांडण चालूच! "पाव्हणं, तुमचा रशिया बुडाला," आजोबा म्हणत. "बुडवला," आजेसासरे म्हणत. १९८२ च्या संपात माझ्या सासऱ्यांची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून तर ते एक शब्द ऐकून घेत नसत.

सक्तीच्या सामुदायिक शेतीपायी १९३२-३३ साली युक्रेनमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली, हे मला अलीकडे मुलाने वाचून दाखवले. दोघांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते. आजोबांना कळते तर ते दुप्पट जोराने भांडले असते. आजेसासऱ्यांनी मानले असते, असे मला वाटत नाही.

आणि आजेसासूबाई? त्यांना कोणी विचारलेच नाही. नवरा मुंबईस, मनिऑर्डर येईल तेव्हा येईल, दोन जिरायत तुकडे आणि चार लेकरे त्यांच्या गळ्यात. आजेसासरे रशियाचे गुळगुळीत कागदाचे मासिक आणीत. मुलांच्या वह्यांना त्याचीच कव्हरे. एकदा त्यात पाळणाघराचे चित्र आले. तिथे बायका गिरणीत जातात, लेकरे सरकार सांभाळते, असे आजेसासऱ्यांनी कौतुकाने सांगितले.

त्या भाकरी थापीत होत्या. म्हणाल्या, "मग मला का नाही नेलं मुंबईला?"

आजेसासरे गप्प बसले. त्या खोलीत बाईला जागाच कुठे होती?

हे मला सासूबाईंनी सांगितले. पाळणाघराचे ते पान त्यांनी वहीला लावू दिले नाही. आजही ते आमच्या पत्र्याच्या पेटीत, त्यांच्या लुगड्याखाली आहे. कोणाला पाहायचे असेल तर घरी या, चहा करीन.