चालणाऱ्याचा रस्ता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



पन्नाशीच्या या सोहळ्यात साहित्य-संगीताविषयी पुष्कळ बोलले गेले. आम्ही मात्र आज एका रस्त्याविषयी बोलणार आहोत. तो रस्ता म्हणजे जुन्या दिल्लीतील चांदनी चौक.

तो मराठी माणसाला परका नाही. लाल किल्ल्यासमोरचे गौरीशंकराचे देऊळ अठराव्या शतकात शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर यांनी बांधले, असे परंपरेने सांगतात. श्रावणी सोमवारी आमच्या मातोश्रींना तेथे दर्शनाला नेण्याचा आमचा परिपाठ होता. पुढे त्या थकल्या. एका सोमवारी देऊळ समोर दिसत असूनही मोटारी, स्कूटर आणि हातगाड्या यांच्या गर्दीतून रस्ता ओलांडणे त्यांना जमेना. पाव तास तिष्ठल्यावर त्यांनी अलीकडूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "चल रे, परत जाऊ." त्यानंतर त्या तेथे गेल्या नाहीत.

शहाजहानची कन्या जहांआरा हिने १६५० च्या सुमारास ही पेठ वसविली, तेव्हा तिच्या मधोमध कालवा वाहत असे. पुढे कालवा बुजला. १९०८ साली ट्राम आली, १९६३ साली गेली, आणि रस्ता हळूहळू मोटारींनी व्यापला. गंमत अशी, की गर्दीचा दोष प्रथम आला तो सायकलरिक्षावाल्यांच्या माथी. २००६ साली न्यायालयाच्या आदेशाने त्यांना मुख्य रस्त्यावर मज्जाव झाला. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयानेच शहरातील रिक्षांच्या संख्येवरील मर्यादा रद्द केली.

नंतर डिसेंबर २०१८ मध्ये लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या सुमारे १.३ किलोमीटरच्या रस्त्याचे नूतनीकरण सुरू झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पदपथ रुंद झाले, डोक्यावरील तारांची जाळी जमिनीखाली गेली, बसण्यास दगडी बाके आली. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी झाली आणि ज्या सायकलरिक्षेला हुसकावले होते, तीच दिवसाची मानकरी ठरली. हे शक्य झाले, याचे एक कारण असे की २००५ सालापासून तेथे मेट्रोचे स्थानक होते. मोटार थांबवावयाची, तर माणसाने यावे कसे, याची तजवीज आधी करावी लागते.

पण, मित्रहो, चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उद्घाटनाला फार काळ लोटला नाही, तोच दुचाकी पुन्हा आत शिरू लागल्या आणि रस्त्याच्या कडेचे दगडी खांब मोडू लागले. बाजूच्या गल्ल्यांतील दाटी तर होती तशीच राहिली. पाठीवर गाठोडी वाहणारा हमाल आणि पथारीवाला यांची जागा कोठे, हा प्रश्नही नव्या फरशीने सुटत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना हाकलून मिळविलेली शोभा आम्हांस तरी शोभा वाटत नाही.

यातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. रस्ता बांधणे हे एकदाचे काम आहे. रस्ता राखणे हे रोजचे. पहिले काम सरकार करील. दुसरे मात्र तेथे राहणाऱ्या आणि वावरणाऱ्या माणसांनी आपले मानल्यावाचून तडीस जात नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. पहाडगंज, करोल बाग या जुन्या वस्त्यांत आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गेले. अलीकडे गणेशोत्सवाला आपले वृद्ध सभासद दिसत नाहीत. कार्यक्रमांत गोडी उरली नाही, असे आम्ही समजत होतो. यंदा काहींच्या घरी जाऊन विचारले, तेव्हा कळले की मंडळाच्या गल्लीत पाऊल टाकायला जागा नसते, म्हणून ते येत नाहीत. दुतर्फा मोटारी उभ्या असतात. त्या मोटारी परक्यांच्या नाहीत. आरतीला आलेल्या आपल्याच आहेत. त्यांत आमचीही असते, हे येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची एक साधी सूचना आहे. उत्सवाच्या दिवसांत मंडळाच्या गल्लीत कोणीही मोटार आणू नये. मेट्रोने यावे, थोडे चालावे. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी मंडळाने सायकलरिक्षा ठरवावी. आणि गल्लीतील रहिवासी, दुकानदार व फेरीवाले यांना सोबत घेऊन, सलग व सपाट पदपथासाठी महानगरपालिकेकडे अर्ज करावा. त्या अर्जावर पहिली सही आम्ही करू.

आमच्या मातोश्री आज नाहीत. पण अलीकडूनच हात जोडून परतण्याची पाळी आपल्या मंडळाच्या दारी कोणावर येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.