जमीन कोणाची, दगड कोणाचा?

‘हें माझें’ हे शब्द मूल बोलूं लागतांच शिकतें. पण कायद्याच्या दृष्टीनें त्या शब्दांत काय येतें आणि काय येत नाहीं, हा विचार पुष्कळांच्या मनाला साठी उलटली तरी शिवत नाहीं.

एक उदाहरण कल्पावें. मुंबईंत जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले एक हिंदु गृहस्थ आहेत. दादरला सहकारी गृहनिर्माण संस्थेंत स्वकष्टाच्या पैशानें घेतलेलें घर, आणि राजापूर तालुक्यांत भावांशीं वांटणी होऊन वांट्यास आलेली थोडी वडिलोपार्जित वरकस जमीन, एवढी त्यांची मिळकत. घरांत पत्नी, नव्वदीला टेकलेली आई व दोन मुलगे, मुलगी सासरीं. संस्थेच्या नामनिर्देशनाच्या अर्जांत थोरल्याचें नांव कधींच लागलें आहे, तेव्हां घर त्याचें झालेंच, अशी त्यांची समजूत. उरलेल्याविषयीं ते एका कागदावर लिहितात: जमीन धाकट्याची, आणि तिच्यांतील जांभा दगड मुलीचा, चिरे काढून विकले म्हणजे तिलाहि चार पैसे मिळतील. हेतु निर्मळ आहे, अक्षर वळणदार आहे. आणि तरीहि या कागदाच्या जोरावर मुलीच्या हातीं एक चिराहि पडणार नाहीं.

प्रथम त्या दगडाचेंच पाहावें. जमीन ज्याची त्याची मालकी वर आकाशापर्यंत आणि खालीं पाताळापर्यंत, असें एक जुनें पाश्चात्य न्यायवचन आहे. तें त्याच्या घरींहि पुरतें पाळलें गेलें नाहीं. इंग्लंडांत सोन्यारुप्याच्या खाणी राजाच्या, हा निर्णय इ. स. १५६८ सालींच झाला. अमेरिकेंत शेताचा पृष्ठभाग एका कुटुंबाकडे आणि खालचें तेल दुसऱ्याकडे, हा प्रकार नित्याचा आहे. तेथें खनिजाचा हक्क जमिनीपासून तोडून विकतां येतो व मृत्युपत्रानें देतांहि येतो. आपल्या गृहस्थांच्या मनांत नकळत हीच कल्पना असावी. परंतु महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें ४८ वें कलम निराळें सांगतें. खनिज जमिनीच्या पोटांत असो वा पृष्ठावर असो, त्यावरील हक्क राज्य सरकारचा. कायद्यानें पूर्वींच मान्य केलेले कांहीं जुने हक्क तेवढे यांतून सुटतात. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचाहि रोख हाच होता. जांभा हें गौण खनिज. चिरेखाण घालावयाची तर सरकारची परवानगी हवी, स्वामित्वधन भरावयास हवें, आणि परवानगीवांचून दगड काढला तर त्याच्या बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो. खाणवाला जमीनमालकाला जें कांहीं देतो, तें त्याची जमीन वापरावयास मिळाली म्हणून. तेव्हां ज्याला जमीन नाहीं, त्याला दगडाचाहि कांहीं लाभ नाहीं.

सर्व देशांत मात्र हीच स्थिति आहे असें समजूं नये. मलबारांतील जन्मी जमीनमालकांकडून केरळ सरकारनें स्वामित्वधन मागितलें, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; आणि २०१३ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, एखाद्या वैध मार्गानें मालकाचा हक्क काढून घेतला नसेल, तर भूगर्भांतील संपत्ति ही सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबरच जाते. गोव्याचा इतिहास आणखी निराळा. पोर्तुगीज राजवटीनें दिलेल्या खाणींच्या कायमच्या सवलती पिढीजात मिळकतीसारख्या चालत आल्या होत्या. १९८७ च्या कायद्यानें त्यांचे मुदतीचे पट्टे झाले, आणि त्या पट्ट्यांची मुदत २००७ च्या नोव्हेंबरांतच संपली होती, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें.

आतां जमीन. ती वडिलोपार्जित असल्यामुळें सगळीच्या सगळी देऊन टाकण्याचा अधिकार या गृहस्थांना मुळांतच नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, आणि २००५ सालीं साऱ्या देशाच्या कायद्यानें, एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ ची दुरुस्ती अंमलांत आली त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हेंहि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें. म्हणजे वडील जिला पोकळ दगड देऊं पाहतात, ती त्या जमिनीची आधींच भागीदार आहे. मृत्युपत्रानें वडिलांना देतां येईल तो केवळ स्वतःचा हिस्सा. सातबाराच्या उताऱ्यावर त्यांचें एकट्याचें नांव आहे, हें उत्तर येथें पुरत नाहीं. तो उतारा महसुलासाठीं ठेवलेली नोंद आहे. त्यानें मालकी निर्माणहि होत नाहीं आणि नाहींशीहि होत नाहीं. गांवोगांवच्या भाऊबंदकींतला निम्मा आवेश या एका गैरसमजावर पोसलेला असतो.

घराची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तेथें समजूत चुकीची असूनहि ती सर्वत्र खरी मानली जाते. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलमाप्रमाणें नामनिर्देशित मनुष्याला संस्था तात्पुरतें सभासद करून घेते, तें खरे वारस अथवा मृत्युपत्रानें हक्कदार ठरणारा मनुष्य सभासद होईपर्यंत. कंपन्यांच्या भागांविषयींहि नामनिर्देशनानें मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं सांगितलें. घराविषयीं मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें पत्नी, आई, दोन मुलगे व मुलगी असे पांच सारखे वांटे पडतील. ज्याला वडिलांनीं अख्खें घर दिलें असें वाटत होतें, त्याच्याकडे एक पंचमांश! मग थोरला म्हणणार बहिणीनें फसविलें, आणि बहीण म्हणणार भावानें. फसविलें दोघांनाहि एका अर्जानें.

घर स्वकष्टार्जित असल्यानें तें हव्या त्याला देण्यास हिंदु गृहस्थाला पूर्ण मुभा आहे. मात्र तें मृत्युपत्रानेंच द्यावें लागतें. इतरांचे नियम वेगळे आहेत. मुसलमान मनुष्याला वारसांच्या संमतीवांचून एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्रानें देतां येत नाहीं, आणि गोव्याच्या कायद्यांत मुलें असतां निम्मी मिळकत त्यांच्यासाठीं राखीव असते.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीहि सक्तीची नाहीं. केलेली बरी, इतकेंच. सक्तीची गोष्ट एकच. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें लिहिणाऱ्याची सही पाहिलेल्या, किंवा ही सही आपली असें त्याच्या तोंडून ऐकलेल्या, निदान दोन साक्षीदारांनीं त्याच्यासमक्ष सह्या केल्या पाहिजेत. आपल्या गृहस्थांच्या कागदावर साक्षीदाराची एकहि सही नाहीं, आणि म्हणून तो मृत्युपत्रच नव्हे. नवा कागद करतांना ज्याला लाभ व्हावयाचा त्याची साक्ष घेऊं नये. तिच्यामुळें संशयाला जागा होते. शेजारचे समवयस्क स्नेही सहीला सहज मिळतात, पण साक्षीदार वयानें लहान पाहावेत. वेळ येईल तेव्हां न्यायालयांत उभें राहून ‘ही सही माझ्यादेखत झाली’ असें सांगावयास त्यांतील एक तरी हयात असावा लागतो.