तिचा शेवट आधीच कोणी लिहिला?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सकाळपासून आपण पोटगी, निवारा, पोलीस ठाणं यांवर बोलतो आहोत. आता जेवणानंतर मी तुम्हाला जपानी गोष्टी सांगणार आहे, त्याही व्हिडिओ गेममधल्या खलनायिकेच्या पुनर्जन्माच्या. ही काय पोरखेळ घेऊन बसली, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

झालं असं, की आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. तक्रार नेहमीचीच. उलट उत्तरं देते, कामाला हात लावत नाही, सारखी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते. मी मुलीला विचारलं, "काय वाचतेस एवढं?" ती म्हणाली, "ताई, एका मुलीची गोष्ट आहे. ती वाईट असते, शेवटी मरणार असते, आणि तिला ते आधीच कळलेलं असतं." एवढं बोलून ती गप्प झाली. तिच्या कागदावर मी लिहिलं, 'उद्धट. सहकार्य करीत नाही.' या शेऱ्याकडे मी शेवटी येणार आहे.

नंतर मी ती गोष्ट मिळवून वाचली. आधी तिची पार्श्वभूमी सांगते. जपानमध्ये खास मुलींसाठी म्हणून केलेले गेम असतात, त्यांना ओतोमे गेम म्हणतात. ओतोमे म्हणजे कुमारिका. खेळणारी मुलगी नायिका होते आणि चार-पाच राजबिंड्या तरुणांपैकी एकाचं मन जिंकते. असा पहिला गेम 1994 साली आला, त्याचं नाव 'अँजेलिक'. कोएई या कंपनीतल्या बायकांच्या गटाने तो तयार केला होता. त्यात नायिकेला एक गर्विष्ठ, खानदानी प्रतिस्पर्धी आहे. पण दोघींची स्पर्धा राणीपदासाठी आहे आणि प्रतिस्पर्धी म्हणून तिला कोणी सुळावर चढवत नाही.

पुढे हौशी लेखक-लेखिका इंटरनेटवर कादंबऱ्या लिहू लागल्या आणि त्यांतून 'अकुयाकु रेइजो', म्हणजे खलनायिका झालेली कुलीन कन्या, हा कथाप्रकार फोफावला. त्यातली सर्वात गाजलेली गोष्ट सातोरू यामागुची यांची. 2014 मध्ये ती लिहायला सुरुवात झाली, 2015 पासून पुस्तकं निघाली, 2020 मध्ये चित्रमालिका आली. इंग्रजी नावाचा अर्थ साधारण असा, 'पुढच्या जन्मी मी खलनायिका : सगळे रस्ते विनाशाकडेच'.

गोष्ट थोडक्यात सांगते. कातारिना ही सरदारघराण्यातली आठ वर्षांची लाडावलेली मुलगी. ती पडते, डोक्याला मार लागतो आणि तिला मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी ती जपानमधली शाळकरी मुलगी होती, गेम खेळत रात्र रात्र जागणारी. मग तिच्या लक्षात येतं की आपण त्याच गेममध्ये जन्मलो आहोत, आणि तेही खलनायिका म्हणून. त्या गेममध्ये नायिका कोणाशीही लग्न करो, कातारिनाच्या वाट्याला दोनच शेवट आहेत. एक हद्दपारी, नाही तर मरण.

मग ती काय करते? हद्दपार झालोच तर पोट भरता यावं म्हणून शेती शिकते. महालाच्या बागेत, सरदाराची मुलगी, हातात कुदळ! मारायला आले तर म्हणून तलवार शिकते. राजपुत्राला सापांची भीती, म्हणून खेळण्यातले साप करून ठेवते. वाचताना हसू येतं. पण हसता हसता मला आमच्या केंद्रात येणाऱ्या बायका आठवल्या. चार पैसे डब्यात लपवणाऱ्या, गुपचूप शिवण शिकून ठेवणाऱ्या. घराबाहेर काढलं तर काय, हा विचार त्यांच्याही डोक्यात कायम असतोच.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की कातारिना 'वाईट' का झाली याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधलेलं नाही. गेमला नायिकेचा चांगुलपणा उठून दिसण्यासाठी एक वाईट बाई हवी होती. ती जागा आधी तयार झाली, मुलगी नंतर तिथे बसवली. आपल्याकडे सिनेमातली खाष्ट सासू, कजाग नणंद, 'फॅशन करणारी' सून अशीच तयार व्हायची. आणि खरं सांगा, आपल्या पथनाट्यांत तरी वेगळं काय होतं? सासू रंगमंचावर आली की लोक हसणार, हे आपल्याला ठाऊक असायचं. आणि हुंडा मागणारा सासरा? तो मागे कुठेतरी पेपर वाचत बसलेला असायचा.

आता दुसरी गोष्ट, कोरियातली. हिची नायिका पेनेलोपी. सरदाराची मुलगी हरवली म्हणून तिच्या जागी दत्तक आणलेली पोर. भाऊ तिचा तिरस्कार करतात, दासी तिला सुई टोचते, नासकं अन्न समोर ठेवते. ती चिडून ओरडते, आणि ओरडते म्हणून वाईट ठरते. तिच्या देहात आजच्या काळातली एक तरुणी जागी होते. तिला काही पुरुषांच्या डोक्यावर एक आकडा दिसतो, त्यांची मर्जी किती टक्के आहे त्याचा. आकडा घसरला की मरण जवळ आलं. म्हणून ती बोलण्याआधी आकडा बघते, बोलून झाल्यावर पुन्हा बघते.

बायांनो, हा आकडा आपल्याला नवा आहे का? नवऱ्याची गाडी दाराशी थांबली की नुसत्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत. या गोष्टीने त्या आकड्याला नुसतं डोळ्यांना दिसेल असं केलं.

म्हणजे या गोष्टी स्त्रीमुक्तीच्या आहेत का? तसं मी म्हणणार नाही. बहुतेक नायिका सरदारांच्याच मुली. त्यांचा जीव वाचतो, पण दासी दासीच राहते. ज्या राजपुत्राच्या हाती देहदंड, त्याचंच प्रेम मिळालं की सुटका झाली, असंही पुष्कळदा होतं. व्यवस्थेला हात न लावता एकटीने तिच्यातून वाट काढायची, ही या गोष्टींची मर्यादा आहे आणि ती मुलींशी बोलली पाहिजे. मात्र 'असलं काही वाचू नकोस' म्हणून हा संवाद होणार नाही.

पण कातारिनाच्या गोष्टीत एक प्रसंग आहे, तो मी विसरू शकत नाही. मारिया ही गेमची खरी नायिका, सामान्य घरातली. तिच्यात असामान्य शक्ती दिसली तेव्हा लोकांनी तिच्या आईच्या चारित्र्यावर संशय घेतला आणि घर मोडलं. म्हणजे तथाकथित चांगल्या मुलीचं घरही 'वाईट बाई' या एका शब्दानेच मोडलेलं. पुढे काही मुली भर सभेत कातारिनावर आरोप करतात, हिने मारियाचा छळ केला म्हणून. हातात पुरावे आहेत. गेमच्या हिशेबाने इथे तिचा शेवट व्हायचा. पण मारियाच पुढे येते आणि सांगते, हिने असं काहीही केलेलं नाही. ज्या चांगल्या मुलीसाठी खलनायिका घडवली होती, तीच तिच्या बाजूने साक्ष देते, आणि ठरलेला शेवट तिथे मोडतो.

आता त्या शेऱ्याकडे येते. ती मुलगी पुन्हा आली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझी गोष्ट वाचली मी." पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "ताई, माझेपण सगळे रस्ते तिकडेच जातात." त्याहून जास्त बोलली नाही. आठवड्याने तिची चुलत बहीण आली. शांत, अभ्यासू, जिचं उदाहरण देऊन घरात हिला रोज बोलणी बसायची तीच. तिने सांगितलं, घरात हिच्यासाठी स्थळ बघताहेत, दहावीची परीक्षा झाली की उरकायचं ठरलंय. उलट उत्तरं दिली जात होती ती या प्रश्नाला. आणि मी, समाजकार्याची पदवी घेतलेली बाई, तिला उद्धट लिहून मोकळी झाले होते.

आम्ही घरच्यांना बसवलं, 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा समजावला. लग्न सध्या थांबलं आहे. 'सध्या' हा शब्द मी जपून वापरते. आईवरही सगळा दोष टाकू नका. स्थळ तिने आणलं नव्हतं, तिला फक्त मुलीला 'समजावायला' पाठवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच. आपापल्या गटात परत गेलात की जुनी कागदपत्रं काढा. 'भांडखोर', 'हट्टी', 'चालचलन ठीक नाही', असे शेरे कुठे कुठे आहेत ते बघा, आणि प्रत्येकापुढे विचारा : हे कोणी सांगितलं? ती ओरडत होती ती कोणत्या प्रश्नावर? आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणाला बोलावलं होतं?

माझ्या त्या कागदावरचा शेरा मी खोडलेला नाही. त्याच्याखाली तारीख घालून लिहिलं आहे, 'वरील शेरा चुकीचा होता.' नवीन येणाऱ्या कार्यकर्तीने दोन्ही वाचावं.