परतीचा हमाल



रायपुरातल्या पंडरीच्या कपडा बाजारात ज्यांनी एखादी सकाळ काढली आहे, त्यांना ठोक मालाची रवानगी कशी चालते हे मी सांगावयास नको. गाठी हमालाच्या पाठीवर चढतात, ठरल्या गल्लीतून ठरल्या दुकानी पोचतात, आणि काम फत्ते झाले असे आपण मानतो. परंतु पावत्या, वसुली आणि नापसंत ठरलेला माल यांच्या उलट्या वाहतुकीवाचून तो बाजार आठ दिवसही तगणार नाही, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या परतीच्या हमालाविषयी, तेही आपल्या चेतापेशीतल्या.

कमरेपाशी मज्जारज्जूत जिचा पिंड आहे, अशा चेतापेशीचा तंतू पावलापर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर लांब जातो. प्रथिने घडतात मुख्यतः पिंडात, आणि त्यांची निकड असते दूर टोकाशी. म्हणून तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रस्ते आहेत, व त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकीत, दर पावलास एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्ची घालीत, टोकाकडे माल नेते. जलद माल दिवसाकाठी 200 ते 400 मिलिमीटरांची मजल मारतो. 1985 साली व्हेल, रीज आणि शीट्झ यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड तंतूच्या साहाय्याने कायनेसिन शोधून काढले. ती हकिकत मोठी रम्य आहे, पण मिनिटे मोजकीच मिळाली आहेत, तेव्हा ती राहो.

परतीचा हमाल म्हणजे डायनिन. जीर्ण झालेले पेशीघटक आणि टोकाकडची खबर तो पिंडाकडे रुजू करतो. ती खबर न पोचल्यास पेशी जगत नाही. एकटा डायनिन कायनेसिनच्या मानाने दुर्बळच. मग तो जड माल ओढतो कसा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझर किरणांच्या चिमट्याने जिवंत पेशीतला माल धरून हे पाहिले. एका मालाला अनेक डायनिन जुंपलेले असतात; भार वाढला की पुढचे डायनिन पाऊल आखूड करतात, त्यामुळे मागचे त्यांना गाठतात, आणि भार सर्वांच्या खांद्यांवर वाटला जातो. पण इथेच मेख आहे. हा हमाल पाठीवरची गाठ कुणी बांधली, हे विचारीत नाही.

पिसाळलेला कुत्रा चावला की लाळेतला विषाणू जखमेजवळच्या चेतातंतूच्या टोकात शिरतो, आणि याच डायनिनच्या पाठीवर बसून मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे जातो. पुन्हा सांगतो, कारण ऐकणारे नेमके हेच विसरतात: विषाणूला स्वतःचे पाय नाहीत, आपलाच हमाल त्याला नेतो. एकदा तो मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. आपल्या हाती असतो तो केवळ गाठ पाठीवर चढण्यापूर्वीचा अवधी. तो किती आहे, हे कुणालाही आधी सांगता येत नाही. जखम मेंदूच्या जितकी जवळ, तितका रस्ता थोडा. म्हणून मुलांच्या चेहऱ्यावरचा चावा अधिक घातक.

असे असता आपण करतो काय? जखमेवर मिरचीपूड भरतो, चुना लावतो, आणि चार दिवस वाट पाहू म्हणतो! शिकल्यासवरल्या घरांतूनही हे चालते, याचे मला फार दुःख होते. साबण विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतो, म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती पंधरा मिनिटे धुवावी. नंतर लस, आणि वैद्यांनी सांगितल्यास जखमेभोवती सीरमही. लसीचा एकही डोस चुकवू नये.

सीरमाचे कार्य सविस्तर सांगण्याचा मानस होता, पण वेळ संपत आली. पंडरीतच जिल्हा रुग्णालय आहे. चावा लहान असो, ओरखडा असो, कुत्रा ओळखीचा असो, जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका.