घर आणि घराचा हक्क



शिक्षण, विवाह आणि उद्योग या विषयांचा ऊहापोह आपल्या मेळाव्यात नेहमी होतो. आज आम्ही निवाऱ्याचा प्रश्न आपल्यापुढे मांडू इच्छितो.

निवारा म्हणजे केवळ चार भिंती आणि छप्पर नव्हे. पुरेशा निवाऱ्याचा हक्क मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 साली सामील झाला. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 1991 साली या हक्काची सात अंगे सांगितली: ताब्याची कायदेशीर शाश्वती, पाण्यासारख्या सोयी, परवडणारा खर्च, राहण्याजोगी अवस्था, वृद्ध-अपंगांना सुलभता, सोयीचे ठिकाण आणि सांस्कृतिक अनुरूपता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1995 साली चमेली सिंग खटल्यात निवारा हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

या सातांत शाश्वतीला अग्रस्थान आहे आणि आपले दुर्लक्ष नेमके तेथेच होते. किल्ली हाती आली, वास्तुशांत झाली, की घर आपले झाले अशी समजूत असते. परंतु इमारतीखालील जमीन कोणाच्या नावावर आहे? मालकीच्या सदनिकांविषयीच्या 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन बांधणाऱ्यावर घातले. तो टाळाटाळ करीत असल्यास 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट मोकळी केली आहे. त्यासाठी संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावयाचा असतो. हे काम राहून गेले, तर इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ येताच रहिवाशांची बाजू लंगडी पडते.

दुसरी गोष्ट नावाची. पतीच्या पश्चात पत्नीला स्वतःच्याच घरात आश्रितासारखे राहावे लागू नये, यासाठी खरेदीखतात तिचेही नाव असावे. संस्थेकडील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. वारसा मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरतो. यास्तव मृत्युपत्र वेळेवर करणे हे अशुभ नसून कर्तव्य होय.

आपल्या ज्ञातीत वकील आहेत, निवृत्त सरकारी अधिकारी आहेत. त्यांनी महिन्यातील एक सायंकाळ ज्ञातिबांधवांची कागदपत्रे तपासण्यास द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. आयुष्यभराच्या काटकसरीतून उभे राहिलेले घर कागदाच्या अभावी डळमळू नये, एवढीच आमची इच्छा.